दोर ओढून घेतला की माघार नाही: युटाच्या स्लॉट कॅनियनमध्ये गाईडबरोबर उतरायचंय, तयारी काय करावी?

भुसावळ_जंक्शन
राम राम मंडळी. लास व्हेगासला बहिणीकडे जाणं होतंय. तिथून युटा राज्य जवळ, म्हणून दोन दिवस वाळवंटातल्या स्लॉट कॅनियनमध्ये, म्हणजे खडकातल्या अरुंद, खोल घळीत, गाईड घेऊन उतरायचा विचार आहे. आम्ही पाच जण. मी (वय ४१, वजन ७२), सौ. (३८, ५८), मुलगा (१५, ४६), थोरले बंधू (४७, ९६) आणि वहिनी (४४, ६४, एक गुडघा कुरकुरतो). मी आणि मुलानं पावसाळी धबधब्यावर दोनदा रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं) केलंय, बाकीच्यांनी दोराला हात लावलेला नाही. चालायला सगळे पक्के. सप्टेंबरचा तिसरा आठवडा किंवा ऑक्टोबरचा दुसरा, दोन्ही मोकळे आहेत.

गाईड असला म्हणजे आपण नेमकं काय शिकून जायचं? तिथल्या झायन नॅशनल पार्कातच करावं का? उन्हाची आम्हाला भीती नाही, मे महिना भुसावळात काढणारी माणसं आहोत. दुसरी कशाची भीती बाळगायची ते सांगा.

सातपुडा_दोर
भो, आधी तारीख. ऑक्टोबर घ्या. त्या भागातही पावसाळा असतो. जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत त्याचा जोर, आणि शेपूट महिनाअखेरपर्यंत लांबतं. आपल्यासारखी झड लागत नाही. दुपारी ढग जमतात, एखाद्याच पठारावर तासभर कोसळतात आणि मोकळे होतात. सप्टेंबरचं बुकिंग केलंत तर चांगला गाईड आदल्या रात्री सहल रद्द करू शकतो, आणि त्यानं तसं केलं तर त्याच्यावर चिडू नका. ऑक्टोबरमध्ये आभाळ बहुतेक कोरडं असतं. दिवस लहान आणि पाणी गार, एवढी किंमत मोजावी लागते.

आता जागा. झायन नॅशनल पार्कच्या हद्दीत, दोर लावून उतरायच्या कॅनियनमध्ये पैसे घेऊन गाईडिंग करायला परवानगीच नाही. तिथं उतरायचं तर परमिट, दोर आणि अक्कल तिन्ही स्वतःची लागतात. म्हणून स्प्रिंगडेल, ऑर्डरव्हिल, कॅनॅबच्या कंपन्या पाहुण्यांना हद्दीबाहेरच्या सरकारी किंवा खासगी जमिनीवर नेतात. यात कमीपणा काही नाही, घळी तितक्याच अरुंद आहेत आणि गर्दी कमी. 'झायनच्या आत दोरानं उतरवतो' असं कोणी म्हणालं तर मात्र फोन तिथंच ठेवा.

बुकिंग करताना कॅनियनची श्रेणी विचारा. '३बी २' अशा धर्तीचं काहीतरी सांगतील. पहिला आकडा तांत्रिक अवघडपणाचा: १ म्हणजे चालणं, २ म्हणजे हातापायानं खाली-वर करणं आणि क्वचित आधाराचा दोर, ३ म्हणजे रॅपलिंगशिवाय सुटका नाही, ४ म्हणजे जाणत्यांचं काम. अक्षर पाण्याचं: ए कोरडी, बी साचलेलं पाणी आणि पोहणं, सी वाहतं पाणी. शेवटचा आकडा वेळेचा, रोमन लिपीत लिहितात: १ काही तास, २ अर्धा दिवस, ३ जवळजवळ पूर्ण दिवस, असं ६ पर्यंत. मागं आर किंवा एक्स लागलं असेल तर जोखीम नेहमीपेक्षा जास्त, ते तुमच्यासाठी नाही. तुमच्या पाच जणांना पहिल्या दिवशी ३ए, वेळ १ किंवा २. ते जमलं तर दुसऱ्या दिवशी ३बी. पहिल्याच दिवशी पाण्याची घळ मागू नका.

आणि हे घरच्या सगळ्यांना एकत्र बसवून सांगा. पहिला कडा उतरून सगळे खाली आले की गाईड दोर खाली ओढून घेतो, कारण पुढच्या कड्याला तोच लागणार. त्या क्षणापासून मागं जायला वाट उरत नाही. वर गुळगुळीत भिंत, पुढं घळ. डोंगर चढताना दमलं तर परत फिरता येतं. इथं दमलेल्यालाही उरलेले सगळे कडे उतरूनच गाडीपाशी यावं लागतं. लोक ज्याच्यासाठी पुन्हा पुन्हा जातात ते हेच, आणि घाबरतात तेही यालाच. म्हणून 'वर थांबून बघते, वाटलं तर येते' असं वहिनींना चालणार नाही. येणार की नाही ते पहिल्या दोराच्या आधी ठरवा. चांगला गाईड तिथं थांबून प्रत्येकाला एकेकटं विचारतो.

वाघूरकाठ
पुराचं वर ओझरतं आलंय, मला त्यावर जरा थांबायचंय. उन्हाची भीती नाही म्हणता, पण घळीत ऊन येतं कुठं? भीती बाळगायची ती दुसऱ्याच्या अंगणात पडलेल्या पावसाची.

आपल्याकडे पहिला पाऊस काळी माती पिते, आधी भेगा भरतात, मग नाले वाहतात. तिथं माती नाहीच. मैलोन् मैल उघडा सँडस्टोन, म्हणजे वाळूचा दगड. धाब्याच्या छतावर पडलेलं पाणी जसं सगळं एका पन्हळीतून धो धो येतं, तसं अख्ख्या पठाराचं पाणी त्या दोन-तीन फुटांच्या फटीतून निघतं. ती फट कोरली तीही याच लोंढ्यांनी. नुसतं पाणी एवढं कापत नाही, पाण्यातली वाळू कापते.

१२ ऑगस्ट १९९७ ला ॲरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅनियनमध्ये ११ पर्यटक गेले. घळीवर पाऊस जेमतेम होता, कोसळला तो कित्येक मैल वर. १४ सप्टेंबर २०१५ ला झायनच्या कीहोल कॅनियनमध्ये सात जण गेले. कीहोल ही छोटी, काही तासांची घळ, 'सोपी' म्हणून ओळखली जाणारी. त्या दिवशी पुराचा अंदाज चार पायऱ्यांपैकी तिसऱ्या पायरीवर होता. तिथलं हवामान खातं रोज 'अपेक्षित नाही, शक्य, दाट शक्यता, अपेक्षित' अशा चार शब्दांत तो सांगतं. त्याच संध्याकाळी जवळच्या हिल्डेलमध्ये गाड्या वाहून आणखी १३ जण गेले.

त्या दिवशी झायनमधल्या व्हर्जिन नदीचा प्रवाह पंधरा मिनिटांत ५५ क्युसेकवरून २,६३० क्युसेकवर गेला. हतनूरचे ४१ दरवाजे आणि लाखाच्या घरातले विसर्ग वाचणाऱ्या आपल्या डोळ्यांना २,६३० म्हणजे गंमत वाटेल. पण तो आकडा रुंद नदीचा आहे. त्याचा दहावा हिस्सा जरी हात पसरता येत नाहीत अशा घळीत शिरला तर उभं राहायला जागा कुठं?

गाईडला तीन गोष्टी विचारा. या घळीत पाणी कुठून कुठून येतं, म्हणजे वरचा पाणलोट केवढा आणि कुठल्या बाजूला? आत गेल्यावर चढून सुटायच्या जागा किती आणि कुठं? आणि किती वाजेपर्यंत आपण बाहेर असू? दुपारी दोनच्या आत बाहेर काढणारं वेळापत्रक सांगत असेल तर माणूस जाणता. नुसतं 'आज आभाळ निळं आहे' म्हणणारा नको. घळीतून आभाळाची पट्टीच दिसते, तीही तुटक.

आत असताना डोक्यावर वीस-तीस फुटांवर दोन भिंतींमध्ये अडकलेले ओंडके दिसतील. ते कोणी तिथं ठेवलेले नाहीत, पाणी तिथवर आलं होतं. निवळ पाणी गढूळ होणं, काड्या-पालापाचोळा तरंगत येणं, अचानक वारा सुटणं, लांबून मालगाडीसारखी घरघर: यातलं काहीही झालं की बॅग सोडा आणि वर चढा. खाली पळू नका, पाणी तुमच्यापेक्षा जोरात पळतं.

भुसावळ_जंक्शन
ऑक्टोबर पक्कं. मालगाडीची घरघर आम्हाला शिकवायला नको 🙂 अँटिलोपचा उल्लेख आला म्हणून विचारतो, तिथंही गाईड सक्तीचा आहे ना? मग तेच केलं तर? आणि बंधूंचं वजन अडचण होईल का?

सातपुडा_दोर
अँटिलोप नवाहो लोकांच्या जमिनीवर आहे, गाईडशिवाय आत सोडत नाहीत. पण ते कॅनियनिंग नव्हे. अप्परमध्ये सपाट वाळूवर चालायचं, लोअरमध्ये लोखंडी जिने. घळ कशी असते ते दोर न लावता बघायचं असेल तर उत्तम जागा. ज्यांना दोर नको असेल त्यांना तिसऱ्या दिवशी तिथं न्या. बॅग आत नेऊ देत नाहीत. आणि घड्याळ सांभाळा. व्हेगासहून युटात शिरलात की घड्याळ एक तास पुढं जातं. उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं करणं) ॲरिझोना पाळत नाही, नवाहो प्रदेश पाळतो, आणि अँटिलोपच्या सहली मात्र पेज गावच्या, म्हणजे ॲरिझोनाच्या वेळेनं निघतात. फोन टॉवरप्रमाणं उड्या मारतो आणि लोकांची सहल चुकते. वेळ हातानं लावून ठेवा.

वजनाचं सांगतो. ९६ किलो अडचण नाही, पण कंपनीला आधी कळवा. तिथं दोर बारीक वापरतात, ८ ते ९ मिलिमीटरचा स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा, कारण वाहून न्यायचा असतो. आपल्याकडच्या जाड दोरावर हात बसलेल्याला तो निसटता वाटतो. भारी माणूस त्यावर सर्रकन जातो, म्हणून डिसेंडरमध्ये (उतरायचा वेग आवरणारं साधन) दोराचा एक वेढा वाढवतात किंवा हार्नेसच्या (कमर-मांड्यांना बांधायचा पट्टा) मांडीच्या पट्ट्यावर जादा कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) अडकवून त्यातून दोर फिरवतात. मुलाचं उलटं. ४६ किलोवर तीच मांडणी ठेवली तर तो मधेच लटकेल आणि दोर हातानं वर ढकलत बसेल. प्रत्येकासाठी घर्षण वेगळं लावलं जातंय का ते बघा. पाचही जणांना एकाच साच्यात अडकवणारा गाईड घाईत आहे.

आणि बंधूंना मधे पाठवा. पहिल्यांदा गाईड किंवा सहायक खाली जातो आणि खालून बिले देतो, म्हणजे दोराचं खालचं टोक धरून उभा राहतो. वरच्याचा हात सुटला तर टोक जोरात ओढलं की माणूस जागच्या जागी थांबतो. त्यासाठी त्यानं वर बघत राहायला हवं, मोबाईलमध्ये नव्हे. हे काम एका उतरणीत तुमच्या मुलालाही शिकवतील. शिकू द्या. खालच्यानं कड्याच्या अगदी पायथ्याशी उभं राहायचं नाही, दगड तिथंच येतात.

धुळ्याची_ताई
उन्हाची भीती नाही म्हणणाऱ्यांनी स्वेटर न्यावा, हे कुणी सांगितलंच नाही. विहिरीच्या तळाशी मे महिन्यात जो गारवा असतो तसा त्या घळीत दिवसभर असतो, आणि साचलेल्या पाण्याला ऊन कधी लागत नाही. आता हिशेब करा. पाच जण आणि गाईड, म्हणजे सहा. वीस मीटरच्या एका कड्याला अडकवणं, तपासणी, उतरणं, सुटणं धरून नवख्याला सहा-सात मिनिटं. म्हणजे एका कड्याला चाळीस मिनिटं, चार कड्यांना पावणेतीन तास, आणि त्यातला बहुतेक वेळ तुम्ही ओल्या कपड्यात सावलीत उभे. थंडी चालताना वाजत नाही, रांगेत वाजते. ज्याचे दात वाजायला लागले त्याची बोटं आधी जातात, मग कॅराबिनरचा स्क्रू फिरवता येत नाही, मग चुका होतात.

म्हणून बी श्रेणीच्या घळीत ऑक्टोबरला वेटसूट (पाण्यात अंग गरम ठेवणारा घट्ट रबरी पोशाख) हवाच, ३/२ किंवा ४/३ मिलिमीटर जाडीचा, आणि निओप्रीनचे, म्हणजे त्याच रबराचे, मोजे. कंपनी भाड्यानं देते. माप आधी कळवा, खास करून बंधूंचं. सैल वेटसूट म्हणजे आत पाणी फिरणार, काही उपयोग नाही. कोरड्या घळीत पूर्ण बाह्यांचा सिंथेटिक शर्ट आणि जाडसर पँट. जीन्स नको, सुती काहीच नको. एकदा भिजलं की वाळत नाही आणि दुप्पट जड होतं. पँटचा बसायचा भाग हमखास फाटतो, आतून जाड कापडाचं ठिगळ लावून न्या. गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड मागून घ्या, वहिनींसाठी तर नक्कीच.

बायकांसाठी: अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र हॉटेलात. कपारीत अंगठी अडकली आणि वजन त्यावर आलं तर बोट सोलून निघतं. पुरुषांच्या अंगठ्यांनाही हेच लागू. ओढणी, सैल टॉप नाही. केसांची वेणी घट्ट घालून शर्टाच्या आत आणि वर हेल्मेट. दोर डिसेंडरमध्ये जातो तिथं केस किंवा कापड ओढलं गेलं तर माणूस अर्ध्यात लटकतो आणि हात सोडता येत नाही. अशा वेळी चाकू काढायचा नाही. ताणलेल्या दोराला चाकू नुसता टेकला तरी तो तुटतो. जाणता गाईड वरची गाठ अशी बांधतो की वजन असतानाही दोर हळूहळू सोडता यावा. मग माणसाला तसंच खाली घेतात. बुकिंगच्या वेळी विचारा, 'अडकलेल्या माणसाला वरून खाली सोडता येईल असा दोर लावता का?' उत्तरावरून माणूस कळतो.

गुडघ्याबद्दल: उतरताना गुडघ्यावर ताण येत नाही, दोरावर बसलेले असतो. ताण येतो तो सुरुवातीची टेकडी चढताना आणि शेवटी बाहेर पडताना. चढ किती मीटरचा आणि वाळूतला का, ते विचारा. मऊ वाळूतला चढ दुप्पट खातो.

काळापाषाण
वरच्या सगळ्यांशी सहमत. फक्त खडकाचं बोलतो, कारण आपल्या लोकांचा हात बेसाल्टवर बसलेला असतो आणि तो तिथं फसवतो.

आपला काळा दगड कठीण, बोल्ट मारायला घाम निघतो. नवाहो सँडस्टोन म्हणजे ज्युरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्या, दबून दगड झालेल्या. हात घासला तर वाळू सुटते. पाऊस पडून गेल्यावर हा दगड आतून ओला राहतो आणि त्याची ताकद बरीच कमी होते. चढाई करणारे तिथं पावसानंतर एक-दोन दिवस थांबतात ते त्यासाठी. कोपऱ्याला धरून लोंबकळायची आपली सवय घरी ठेवा. धरायचं तर ढकलून, ओढून नाही.

मऊ दगडामुळं दोर कड्याच्या काठात खाचा पाडतो. वर्षानुवर्षांच्या खाचा बोटभर खोल झाल्यात काही ठिकाणी. उतरताना काही कळत नाही. दोर खाली ओढायच्या वेळी गाठ त्या खाचेत जाऊन बसते आणि सहा माणसं खाली, दोर वर. म्हणून अँकरची (दोर ज्याला अडकवतात तो वरचा आधार) पट्टी लांब ठेवून कडी काठाच्या पलीकडं आणतात. शेवटचा माणूस निघायच्या आधी खालून चाचणी म्हणून थोडं ओढून बघायचं असतं, आणि शेवटच्यानं उतरताना दोन्ही पदर वेगळे ठेवायचे, पीळ पडू द्यायचा नाही. दोर अडकलाच तर आधी बाजूला सरकून, लांबून, वेगवेगळ्या कोनातून ओढतात. अर्धवट आलेल्या दोरावर लोंबकळून चढणं म्हणजे आत्महत्या. गाईडही ते करणार नाही.

अँकर. काही कड्यांना बोल्ट आहेत. बऱ्याच ठिकाणी झाड, कपारीत अडकलेला धोंडा किंवा दगड रचून पुरलेली पट्टी असते. आधीच्या लोकांनी सोडलेल्या नायलॉनच्या पट्ट्या दिसतील. उन्हानं नायलॉन मरतं. रंग उडालेली, पापडासारखी कडक पट्टी दिसली तर गाईड काय करतो ते बघा. तो पट्टी पूर्ण फिरवून मागची बाजू बघेल, गाठ वाकवून आतला रंग आणि बाहेरचा रंग ताडून बघेल, उंदरांनी कुरतडलंय का बघेल, आणि शंका आली तर कापून खिशात टाकून नवी बांधेल. ही दोन मिनिटं त्यानं घेतली नाहीत आणि सरळ दोर ओवला, तर तुम्ही तोंड उघडा. पाहुणे आहोत म्हणून गप्प बसू नका.

वाळू सगळीकडं जाते. लॉकवाल्या कॅराबिनरचा स्क्रू फिरवताना करकर आवाज आला की फुंकर मारा, जोर लावून आवळू नका, नंतर उघडत नाही. आणि डिसेंडर म्हणून फिगर ऑफ एट (इंग्रजी आठच्या आकाराची कडी) देत असतील तर दुसरं काही मागा. तिनं दोराला पीळ पडतो आणि त्या अरुंद जागेत पीळ म्हणजे अडकलेला दोर.

पाण्याच्या घळीतल्या रांजणखळग्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. निघोजचे पाहिले असतील, तसेच, फक्त माणूस बुडेल एवढे आणि घळीच्या मधोमध, बाजूनं वाट नाही. गंमत अशी की भरलेला खळगा सोपा, पोहून पलीकडच्या काठावर हात टेकतो. अर्धा रिकामा असला की काठ डोक्याच्या वर चार-पाच फूट, भिंत गुळगुळीत आणि पायाखाली चिखल किंवा पाणी. मग एकाच्या खांद्यावर दुसरा चढतो, किंवा वाळू भरलेल्या पिशव्या दोराला बांधून पलीकडं फेकतात आणि त्यांच्या वजनावर पहिला माणूस वर जातो. गाईडच्या सहलीत असे खळगे सहसा टाळतात. पण गेल्या महिन्यात भरलेला होता म्हणून आज भरलेला असेल असं नाही. गाईड शेवटचा कधी गेला होता ते विचारा.

भुसावळ_जंक्शन
बंधूंचा प्रश्न: 'मी त्या फटीत मावेन का?' चेष्टेत विचारलाय पण चेहरा गंभीर आहे.

सातपुडा_दोर
चेष्टा नाही, मोजून बघा. भिंतीला पाठ, खांदे, टाच टेकवून उभं राहायचं. कुणीतरी छातीच्या आणि पोटाच्या सगळ्यात पुढच्या भागाला जाड पुस्तक टेकवायचं, भिंतीला समांतर, आणि पुस्तकापासून भिंतीपर्यंतचं अंतर टेपनं घ्यायचं. एकदा श्वास भरून, एकदा सोडून. त्यावर हार्नेसच्या बकलाचे दोन-तीन सेंटिमीटर धरा. एस्कलांटीजवळच्या स्पूकी घळीत दोर लागत नाही, पण काही ठिकाणी रुंदी जेमतेम २५ सेंटिमीटर भरते. बंधूंचा आकडा २७-२८ आला तर तसल्या घळीचं नाव काढू नका. सगळ्या घळी तशा नसतात. कंपनीला आकडा कळवा, त्या रोजच हा प्रश्न ऐकतात. पाठीवरची बॅग अरुंद जागी काढून हातात धरायची किंवा पायाला दोरीनं बांधून मागं ओढायची.

अडकायला होतं ते बहुधा असं: माणूस फटीत खाली सरकतो, घाबरून खोल श्वास घेतो, छाती फुगते, आणखी घट्ट बसतो. अशा वेळी श्वास सोडायचा, हातापायानं वर रेटायचं आणि जिथून आलो तिथून परत वर निघून रुंद भाग शोधायचा. बहुतेक घळी खाली निमुळत्या असतात, तळाशी उतरायचा हट्टच नडतो.

वाघूरकाठ
त्याचीच तालीम इथं करता येते. दोन भिंतींना हात-पाय रेटून पुढं सरकणं ही घळीतली निम्मी चाल आहे, आणि ती अंगात नसली की माणूस अर्ध्या तासात थकतो. जुन्या गावातल्या धाब्याच्या घरांमधली बोळ घ्या, अडीच-तीन फुटांची. पाठ एका भिंतीला, दोन्ही पायांचे तळवे समोरच्या भिंतीला, हात मांड्यांजवळ मागच्या भिंतीवर. जमिनीपासून दोन फुटांवर राहून आडवं सरकायचं, दहा फूट जायचं, दहा फूट यायचं. मग एक हात-पाय एका भिंतीला, एक दुसऱ्या भिंतीला. बोळ नसेल तर दाराची चौकट. मांड्या थरथरायला लागल्या की थांबा. आठवड्यातून चार दिवस, सहा आठवडे. आजूबाजूचे हसतील.

खऱ्या दगडावर करायचं तर हिवाळ्यात सांदण दरीला एक खेप मारा, साम्रदच्या बाजूनं. अरुंद भाग, कमरेएवढं गार पाणी आणि पुढचे दोराचे टप्पे, म्हणजे घळीची ओळख होते. पावसाळ्यात तिकडं फिरकायचं नाही, कारण वर सांगितलंय तेच. आपल्या जवळ पाटणादेवीचा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथं कड्याला दोर बांधू नका.

काळापाषाण
सांदण चांगली, पण ऑक्टोबरची सहल म्हणजे आधीचा हिवाळा हातचा गेलेला असू शकतो. तसं असेल तर बोळीवरच थांबा. पावसाळी धबधब्यावरच्या गर्दीत जाऊन 'सराव' करू नका. तिथं वाहतं पाणी, शेवाळ, एका दोराला चाळीस माणसं. शिकायचं ते शिकून होत नाही आणि चुकीच्या सवयी लागतात. तुमच्या दोन वेळच्या अनुभवातलंही निम्मं विसरून जा.

धुळ्याची_ताई
सौ. आणि वहिनींना दोराची पहिली ओळख त्या कड्यावर होऊ देऊ नका, एवढं मला म्हणायचंय. जळगाव, नाशिक, पुण्यात जिथं कृत्रिम भिंत आणि प्रशिक्षक मिळेल तिथं एक सकाळ घालवा. शिकायच्या गोष्टी चारच आहेत. हार्नेसचा पट्टा बकलातून परत वळवून घेणं. कॅराबिनरचा स्क्रू लावून मग दाबून बघणं. ब्रेकचा हात काही झालं तरी न सोडणं. आणि काठावरून मागं झुकून बसणं. चौथी सगळ्यात अवघड, कारण शरीर पुढं वाकायला बघतं, पाय घसरतात आणि गुडघे-तोंड भिंतीवर आपटतं. पाय खांद्याएवढे फाकवून, टाचा खाली, खुर्चीत बसल्यासारखं. काठ अगदी तीक्ष्ण असेल तर उभं राहून जायची गरज नाही. काठावर बसा, कुशीवर वळा आणि घसरत खाली या. यात लाज नाही, गाईडही तसं करतात.

जाताना: माणशी तीन लिटर पाणी, घळीतलं पाणी प्यायचं नाही. शेंगदाण्याची चिक्की, खारे दाणे, भडंग असं चुरा झाला तरी खाता येईल ते. केळी नको, जळगावची असली तरी बॅगेत तिचं शिकरण होतं. संडासासाठी ते एक पिशवी देतात, ती वापरून परत आणायची असते, आधीच मनाची तयारी करा. बीपीच्या, दम्याच्या गोळ्या गाईडला दाखवून कोरड्या डबीत. फोनला रेंज नसते, गाईडकडं उपग्रहावरून संदेश पाठवायचं यंत्र आहे ना ते बघा, आणि परतायची वेळ बहिणीला लिहून द्या. २००३ मध्ये ॲरन राल्स्टन ब्लूजॉन कॅनियनमध्ये धोंड्याखाली हात अडकून १२७ तास राहिला, आणि तो कुठं गेलाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रवास विम्यात 'साहसी खेळ' वगळलेत का ते बारीक अक्षरात वाचा. बहुतेक साध्या पॉलिसींत वगळलेले असतात.

भुसावळ_जंक्शन
टेप लावली. बंधू श्वास सोडून २६, भरून २९. स्पूकी रद्द, त्यांनी स्वतःच केली. पहिल्या दिवशी कोरडी ३ए, दुसऱ्या दिवसाचं पहिला दिवस बघून. वहिनी म्हणतात बोळीचा सराव त्या पहाटे करतील, उजाडायच्या आत.

शेवटचं एकच. गाईडला टीप द्यायची असते का?

सातपुडा_दोर
हो, तिथं रीत आहे, सहलीच्या रकमेच्या पंधरा ते वीस टक्के, शेवटी हातात. आणि पावसामुळं त्यानं सहल रद्द केली तर त्या दिवशी त्याची मजुरीही बुडते, तेव्हा पैसे परत मागताना आवाज खाली ठेवा.

वहिनींना सांगा, पहाटे बोळीत विंचू बघून हात लावा.